असईच्या लढाईचं गवत

माझ्या संसारात जेवढा वैताग मला गवतानं दिला, तेवढा सासूनं दिला नाही, पोरांनी दिला नाही, की जालन्याच्या नळानंही दिला नाही. आणि गवत म्हणजे जनावरांचं नव्हे. आमच्याकडं शेळीसुद्धा नव्हती. खेळातलं गवत. आता कुणाला सांगायला गेलं तर समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे नेमकं काय?" म्हणून पहिल्यापासून सांगते.

आमचे मिस्टर भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. शेतांच्या हद्दी मोजायच्या, खुणा रोवायच्या, दोन भाऊ बांधावरून भांडत असले की दोघांच्या शिव्या खात मधोमध साखळी धरून उभं राहायचं, हे त्यांचं काम. जालना जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, तेव्हा त्यांची बदली इथं झाली. आम्ही भाड्याच्या तीन खोल्यांत राहायला आलो. एका प्लॉटच्या मोजणीवरून त्यांना इथं एक दोस्त भेटला. त्या दोस्ताचं घराणं मूळचं राजस्थानचं, पण चार पिढ्यांपासून जालन्यात. बाजारात रंगाचं आणि लोखंडी सामानाचं दुकान. मी त्यांना भाऊजी म्हणायचे, ते मला भाभी म्हणायचे. मोजणी एका सकाळीत आटोपली, पण दोस्ती काही आटोपली नाही.

या भाऊजींचा एक चुलतभाऊ विलायतेत राहायचा. तो एकदा दिवाळीला आला तो एक खोकं घेऊन. खोक्यात शिशाचे शिपाई होते, बोटाच्या पेरापेक्षाही लहान. कुणी घोड्यावर, कुणी बंदूक रोखलेला. चिमुकल्या तोफासुद्धा होत्या. सोबत खेळाच्या नियमांचं जाड पुस्तक. खेळ असा की टेबलावर खऱ्यासारखी जमीन तयार करायची, टेकड्या, नद्या, गावं. त्यावर दोन फौजा मांडायच्या. मग टेपनं मोजून शिपाई पुढं सरकवायचे आणि फासे टाकून कोण मेलं, कोण वाचलं ते ठरवायचं.

टेपनं मोजून! हे एवढं ऐकलं आणि आमचे मिस्टर त्या खेळात गेले ते गेलेच. दिवसभर लोकांच्या जमिनी मोजून आलेला माणूस घरी येऊन चहा घ्यायच्या आत खिशातून टेप काढायला लागला.

कोणती लढाई खेळायची यावर वाद झाला नाही. असई आमच्याच जिल्ह्यातलं, भोकरदनच्या पलीकडं, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधलं गाव. तिथं मराठी फौजेची आणि इंग्रजांची मोठी लढाई झाली होती आणि आपण हरलो होतो. मिस्टरांनी त्या भागात मोजण्या केल्या होत्या. नदी कुठं वळते, उतार कुठं कमी आहे, सगळं त्यांना पाठ. वाद झाला तो दुसऱ्याच गोष्टीवर. दोघांनाही मराठी फौज पाहिजे होती. इंग्रज व्हायला कुणी तयार नाही. शेवटी दर वेळी नाणं उडवायचं ठरलं, आणि ज्याच्या वाट्याला इंग्रज येतील तो सुतकात असल्यासारखं तोंड करून बसायचा.

समोरच्या खोलीतल्या खाटेवर प्लायवूडची मोठी फळी पडली. खाट गेली, पाहुणे खुर्च्यांवर. पेपरच्या लगद्याच्या टेकड्या झाल्या, मातीची घरं झाली. भाऊजींनी दुकानातून ऑइल पेंट आणला, नद्या निळ्या आणि बाकी सगळं हिरवं रंगवलं. वाळल्यावर तिघांनी मिळून पाहिलं. सरकारी कचेरीच्या भिंतीचा खालचा अर्धा भाग आडवा पाडून ठेवावा तसं दिसत होतं.

"गवत पायजे," मिस्टर म्हणाले.

पुस्तकात फोटो होते. त्यातली जमीन खरोखर गवताची दिसायची. विलायतेत म्हणे असलं गवत पाकिटात विकत मिळतं. भाऊजींनी चुलतभावाला फोनवर भाव विचारला. तो ऐकून मिस्टर म्हणाले, "एवढ्यात तर खरंखुरं कुरण येईल." मग ठरलं, की गवत घरीच करायचं. घरी म्हणजे माझ्या घरी. भाऊजींच्या घरी मोठं कुटुंब, सगळ्यांचं सोवळं, तिथं त्यांची आई असल्या गोष्टीला उंबऱ्याच्या आत येऊ देत नव्हती. मला त्या माउलीचा कायम हेवा वाटत आला.

पहिली पाळी लाकडाच्या भुशाची. आरा मशीनवरून पोतंभर सागाचा भुसा आला. तो चाळायला माझी पिठाची चाळणी. कपड्याच्या हिरव्या रंगात उकळायला माझं दुधाचं पातेलं. मी शेजारी हळदीकुंकवाला गेल्ते, परत आले तर गॅसवर हिरवं काहीतरी रटरटतंय आणि मिस्टर माझ्याच पळीनं ढवळताहेत.

"हे काय करून राह्यलात?"

"गवत," ते म्हणाले. जसं काही मी रोज गवतच रांधते.

भुसा वाळवायला गच्चीवर टाकला. त्याच गच्चीवर माझ्या कुरडया वाळत होत्या. दुपारी वारा सुटला. त्या वर्षी आमच्या कुरडया हिरव्या निघाल्या. मी त्या फेकणार होते, पण मिस्टर म्हणाले, रंग खायचा नसला म्हणून काय झालं, टेकड्यांवर झुडपं म्हणून लावता येतील. आणि खरंच लावली. भुसा मात्र जमला नाही. सागाचा मूळचा तपकिरी रंग हिरव्यातून वर आला आणि सगळी फळी शेवाळलेल्या मोरीसारखी दिसायला लागली. शिपाई तर एवढे लहान, की भुशाचा एकेक कण त्यांच्या गुडघ्याला लागायचा.

मग बारीक काहीतरी पाहिजे म्हणून रवा. माझ्या डब्यातला. त्यात रांगोळीचा हिरवा रंग कालवला आणि कणकेची खळ करून फळीवर चिकटवला. दिसायला बरा होता, हे मी कबूल करते. दोघं इतके खूश झाले की त्यांनी पेढे आणले. पुढचा आठवडा मिस्टर दौऱ्यावर होते. रविवारी दोघांनी फौजा मांडायला घेतल्या आणि थबकले. असई गावाच्या खालची सगळी जमीन नागडी. प्लायवूड दिसत होतं. कडेला उंदराच्या लेंड्या.

भाऊजींनी वाकून नीट पाहिलं. मग मला म्हणाले, "भाभी, इंग्रजांची पूर्ण डावी बाजू उंदरांनी खाल्ली."

"रवा आणि कणीक," मी म्हणाले, "अजून थोडं तूप-गूळ घातलं असतं तर मीपण खाल्ली असती."

त्यानंतर महिनाभर माझ्या स्वयंपाकघरात उंदीर. डबे घट्ट लावा, पिंजरा लावा, सकाळी पिंजरा नेऊन सोडा. हे सगळं कुणी केलं, ते सांगायला नको.

मधे खरं गवतही झालं. अंगणातली हरळी कापून, वाळवून, चुरून. दोन दिवसांत पिवळी पडली आणि त्यातून बारीक किडे निघाले. गोणपाटाचे धागे उसवून, माझ्या शिवणाच्या कात्रीनं कातरून पाहिले. कात्री बोथट झाली. ब्लाउजचं कापड त्यानंतर ती चावायची, कापायची नाही. तरी मी एवढं सगळं सोसलं. बोलले, नाही असं नाही, रोज बोलले. पण सोसलं.

मिक्सर मात्र मी सोसला नाही.

तो मिक्सर आम्ही फार दिवस थांबून घेतलेला. आमच्या ओळीत पहिला. त्याच्यावर मी स्वतः विणलेलं झाकण घालायचे. पुस्तकात कुठंतरी लिहिलेलं होतं, की गादीतल्या फोमचे तुकडे पाण्यासोबत मिक्सरमधून काढले की झकास बारीक चुरा होतो, तो रंगवला की गवत. मी बाजारात गेलेली. आले तर घरात जळका वास, मिक्सर ठप्प, भांड्यात पात्याभोवती फोमचा दोर गुंडाळलेला आणि मिस्टर स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलेले.

"पाणी कमी घाला म्हणून पुस्तकातच..." ते सुरू झाले.

मी पिशवी खाली ठेवली, कपाटातून दोन साड्या घेतल्या, पोरांना चपला घालायला लावल्या आणि वाटूरची बस धरली. वाटूर माझं माहेर.

आईला वाटलं, काहीतरी फार मोठं झालंय. मला तिनं मागच्या दाराशी नेलं आणि हळू आवाजात विचारलं, "बाई, खरं सांग. पितात का?"

"न्हाई."

"हात उगारला?"

"न्हाई गं."

"मंग झालं काय?"

"गवत करतात."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी सगळं सांगितलं, भुसा, उंदीर, मिक्सर. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाप्याच्या जातीला काहीतरी लागतंच. गवत करतात तर करू दे की. कुणाला काही तरास हाय का त्याचा?" आणि भाकरी थापायला निघून गेली. मला आईचाच राग आला. मिक्सर तिचा जळाला नव्हता.

रविवारी मिस्टर मला न्यायला आले. नवी साडी घेऊन आले होते, तेवढी अक्कल होती. पण मी ठरवलं होतं, आधी ते माझ्यापाशी येऊन नीट बोलतील, मगच निघायचं. त्यांचा वडिलांसोबत चहा झाला, पाऊसपाण्याचं बोलणं झालं. मी आत बसून वाट बघतेय. मग बोलणंच ऐकू येईना. थोड्या वेळानं गोठ्याकडून आवाज आला, खर्र खट्, खर्र खट्. कुट्टीच्या मशीनचा. बैलांसाठी कडब्याचे बारीक तुकडे करायचं, हातानं चाक फिरवायचं मशीन असतं ना, ते. मला वाटलं गडी असेल. बघायला गेले तर जावईबापू पँट वर खोचून मशीनखाली उकिडवे बसलेले. वडील चाक फिरवताहेत आणि हे खाली पडणारा भुगा दोन्ही हातांनी गोळा करताहेत.

मला बघून त्यांचा चेहरा उजळला. "अगं, हे बघ! किती बारीक! आणि रंग बघ, पोपटी-पिवळा. फुकट!"

मी तिथंच उभी राहिले. वडील घाम पुसत म्हणाले, "अजून पायजे का? हिरव्या मक्याचीपण करून देऊ." त्या दिवशी मी परत जालन्याला आले ती पायाशी कुट्टीचं पोतं घेऊन. बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, जनावर कोणतं हाय? मिस्टर म्हणाले, "घोडदळ." कंडक्टरनं पोत्याचं वेगळं तिकीट फाडलं. साडी चांगली होती, म्हणून मी गप्प बसले.

आता वाटलं, झालं, गवत मिळालं. पण या कुट्टीवरून दोघा दोस्तांचंच बिनसलं. चाळलेली कुट्टी फळीवर पसरली आणि भाऊजी म्हणाले, "यार, हे तर पिवळं दिसून राह्यलं. गवत हिरवं पायजे. फोटो बघ."

"फोटो विलायतेचा हाय," मिस्टर म्हणाले. "असला हिरवा आपल्याकडं फक्त तुझ्या दुकानातल्या डब्यात असतो. मी असईला मोजणी केलेली हाय. तिथं असंच दिसतं."

"तू मोजणीला उन्हाळ्यात गेल्तास. लढाई काय उन्हाळ्यात झाली का?"

"तू तर गेलाच न्हाईस!"

"मी रंग विकतो, यार. रंगाचं मला सांगू नको."

"आणि मी जमीन मोजतो. जमिनीचं मला सांगू नको."

शब्दाला शब्द वाढला. भाऊजींनी आपले शिपाई कापसात गुंडाळून खोक्यात भरले आणि खोकं काखेत मारून गेले. जाताना मला "येतो भाभी" म्हणाले, त्यांना काही बोलले नाहीत.

मला वाटलं, सुटले. खोली मोकळी होईल, खाट परत मिळेल. पण झालं उलटंच. रविवारी करायला काही नाही म्हणून मिस्टर घर मोजायला लागले. टेप लावून त्यांनी शोधून काढलं, की स्वयंपाकघराची भिंत वाकडी आहे. मग घरमालकाला बोलावून दाखवलं. घरमालक म्हणाला, पन्नास वर्षांची भिंत आहे, वाकडी असली तर असू दे. त्यावर भांडण. मग डब्यांची फळी समपातळीत नाही म्हणून उतरवली, डबे खाली, फळी परत लागेना. मी भाजी चिरायला बसले की मागं उभं राहून ते म्हणायचे, तुकडे एकसारखे नाहीत. पोरांच्या वह्यांतले समास मोजून झाले. मला त्यांच्या फौजेची आठवण यायला लागली, म्हणजे बघा काय वेळ आली असेल.

शेवटी मीच भाऊजींच्या दुकानात गेले. ते गल्ल्यावर बसलेले, समोर गिऱ्हाईक नाही, आणि हातात एक शिपाई. मला बघून पटकन खाली ठेवला.

"भाऊजी, तुम्ही आमच्याकडं का येत न्हाईत?"

"मी गेल्तो ना त्याच्या ऑफिसात, भाभी. तोंड फिरवून बसला. साखळीला तेल लावत होता. साखळीला कुणी तेल लावतं का?"

"ते माझ्या भिंती मोजून राह्यलेत," मी म्हणाले. "मला आता सहन होत न्हाई. लढाई झाली ती पावसाळ्याच्या शेवटी म्हणता ना? आता गणपती झाले, तोच महिना सुरू हाय. जाऊन बघून का येत न्हाईत, काय रंगाचं गवत हाय ते? मोठी माणसं तुम्ही दोघं!"

भाऊजींनी मान खाजवली. "तो येईल का?"

"त्यांना मी आणते. तुम्ही जीप आणा."

दुकानाची जुनी जीप होती, तिच्यातून आम्ही असईला गेलो. मी मागं, भाऊजींच्या बायकोनं दिलेला पुऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन. भोकरदनपर्यंत पुढचे दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. दोघंही माझ्याशी बोलत होते. "भाभी, त्याला विचारा खिडकी लावू का?" "अगं, त्याला सांग खड्डा हाय." मी डबा धरू, की यांचे निरोप पोचवू?

नदीजवळ जीप थांबली. उतरायच्या आतच शेतातून दोन-चार माणसं लगबगीनं आली. त्यांतल्या एकानं मिस्टरांना ओळखलं आणि त्याचा चेहरा पडला. "साहेब, पुन्हा मोजणी हाय का? आमचं तर मिटलं आता. भाऊ-भाऊ बोलून राह्यलो आम्ही."

"न्हाई न्हाई, मोजणी न्हाई," मिस्टर म्हणाले. "गवत बघायला आलोत."

"गवत?"

"नुसतं बघायला."

माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. मग तो ओळखीचा म्हणाला, "बघायचं कशाला, साहेब, घेऊनच जा. किती पेंढ्या पायजेत?" आणि मोजणी नाही या आनंदात ते सगळे आमच्यामागं चालायला लागले.

मी आयुष्यात गवताकडं तोवर नीट बघितलं नव्हतं. वाटूरला वाढले तरी नाही. त्या दिवशी चांगलंच बघावं लागलं, कारण ते माझ्या साडीत शिरलं. कुसळं. निऱ्या भरून गेल्या. मी बांधावर बसून एकेक कुसळ उपटत होते आणि समोर ते दोघं भांडत होते. भाऊजी नदीकाठी उभे राहून ओरडत होते, "इकडं ये, हे बघ हिरवंगार!" आणि मिस्टर उताराच्या वर, मुरमाड जागेत उभे राहून ओरडत होते, "तू इकडं ये! पिवळं हाय बघ!" खाली केळणेचं पाणी वाहत होतं, मध्ये ज्वारी उभी होती, कपाशीला फुलं होती. आणि दोघंही खरं बोलत होते. काठाला काळपट हिरवं, वर येता येता पोपटी, बांधावर तुरे आलेलं तांबूस, मुरमावर वाळून गेलेलं, आणि सगळ्याच्या मधून काळी माती डोकावत होती. एका हातात मावेल एवढ्या जागेतसुद्धा एकच एक रंग नव्हता.

"ओरडू नका," मी म्हणाले. कुणी ऐकलं नाही. मग मी जोरात म्हणाले. असईच्या माणसांसमोर मी नवऱ्यावर आणि त्याच्या दोस्तावर ओरडले. "इथं या. खाली बसा. माझ्या पायाजवळ बघा. किती रंग हायेत?"

दोघं बसले. बघितलं. मोजता मोजता दोघांची बोटं संपली. मग पुऱ्या खाल्ल्या, असईच्या लोकांनीही खाल्ल्या, आणि परतताना ते दोघं माझ्या मध्यस्थीशिवाय बोलत होते.

घरी आल्यावर पुन्हा तेच. आता कोणता रंग किती घ्यायचा यावर वाद. माझं डोकं उठलं. मी मोठी परात घेतली, सागाचा भुसा ओतला, कुट्टी ओतली, गोणपाटाचे धागे ओतले, भाऊजींनी दुकानातून दोन-तीन हिरव्यांत रंगवून आणलेला दुसरा भुसा ओतला. चहाचा वाळवलेला चोथा टाकला, काळ्या मातीसाठी. काळा मसाला करताना मिसळते तसं दोन्ही हातांनी मिसळलं. "दोघांचंही खरं केलं. आता बोलायचं न्हाई." फळीला तपकिरी रंग दिला, लाकूडकामाचा पांढरा गम पातळ करून लावला आणि परातीतलं मूठमूठ भुरभुरलं. काठाला गर्द, वर फिकट. गम वाळला.

तिघं मागं सरून बघत होतो. मला बांधावरच बसल्यासारखं वाटलं. साडीत कुसळं नव्हती एवढंच.

"जबरदस्त," भाऊजी हळूच म्हणाले आणि गरम होतंय म्हणून उठून त्यांनी पंखा लावला. पूर्ण वेगानं. जे चिकटलं होतं ते चिकटलं होतं. जे वर सुटं होतं ते सगळं उठलं आणि माझ्या पडद्यांवर, देवांवर, भाऊजींच्या उघड्या तोंडात गेलं. मी उठले. झाडू आणून त्यांच्या हातात दिला.

त्या फळीवर ते पुढं कितीतरी वर्षं लढले. पहिल्याच डावात मिस्टरांना मराठी फौज मिळाली आणि त्यांनी नदीच्या उतारावर, इंग्रज जिथून खरोखर पार झाले होते तिथंच, सगळ्या तोफा नेऊन ठेवल्या. भाऊजी टेबलावर हात आपटून म्हणाले, "हे बराबर न्हाई! तुला आधीच माहीत हाय ते कुठून येणार!" मिस्टर म्हणाले, "मोजणी केली म्हणून माहीत हाय. त्यांनीपण करायची होती." तो डाव कधी संपलाच नाही. दुसराही नाही. मी स्वयंपाकघरातून विचारायचे, कोण जिंकलं? तर दोघंही म्हणायचे, अजून वाद चालू हाय.

आणि गवत उडायचं. दर दोन-चार महिन्यांनी टक्कल पडायचं. मग परात मीच घ्यायचे, कारण त्यांनी मिसळलं की एक तर फार हिरवं व्हायचं नाही तर फार पिवळं. चहाचा चोथा मी वाळवून डब्यात ठेवायला लागले होते. शेजारणी विचारायच्या, गुलाबाला घालता का? मी हो म्हणायचे. खरं सांगण्यात दुपार गेली असती.

पोरं शिकायला बाहेर गेली आणि मिस्टरांची बदली औरंगाबादला झाली. सामान टेम्पोत भरलं. फळी आत बसेना. मी म्हणाले, चादरीत गुंडाळा. ते म्हणाले, जल्दी आहे, वर आडवी बांधू, जवळ तर जायचंय. बदनापूरला चहाला थांबलो तेव्हा मी सहज वर पाहिलं. फळी गुळगुळीत. जुना गम सुटून माझं सगळं गवत उडालं होतं. जालना ते बदनापूरच्या रस्त्यावर, मागच्या गाड्यांच्या काचांवर, सगळीकडं. क्लीनरच्या केसांत थोडं राहिलं होतं.

मिस्टर वर बघून म्हणाले, "जाऊ दे. गवतच तर होतं."

आता हे वाक्य माझ्याजवळ बोलायचं होतं? माझं पातेलं, माझी चाळणी, माझी कात्री, माझा मिक्सर, आणि गवतच तर होतं? चहाच्या टपरीवर सगळे बघत होते. मी चहा तसाच ठेवला आणि टेम्पोच्या पुढच्या सीटवर जाऊन बसले. औरंगाबाद येईपर्यंत एक शब्द बोलले नाही. त्यांनी दोनदा विचारलं, काय झालं? काय झालं ते कळलंच नाही त्यांना. खरं तर मलाही नीट कळलं नव्हतं. एवढंच वाटत होतं, की काठाजवळची ती गर्द पट्टी या वर्षी फार नेमकी जमली होती.

पुढच्या रविवारी भाऊजी जालन्याहून रेल्वेनं आले. नवं घर बघितलं, पाणी प्यायले, मग फळीसमोर उभे राहिले. मिस्टरही शेजारी येऊन उभे राहिले. मी चहा घेऊन आले.

"मी काय म्हणतो," भाऊजी म्हणाले, "उन्हाळ्यातली एखादी लढाई धरू. गवताची कटकटच न्हाई."

"तेच म्हणून राह्यलो होतो मी," मिस्टर म्हणाले. "नुसती माती. किती सोपं."

मी ट्रे खाली ठेवला, आतून परात आणि चहाच्या चोथ्याचा डबा आणला आणि दोघांना विचारलं, "फळीला गम लावायला तुम्हा दोघांपैकी कोण बसतंय?"

ते एकमेकांकडं बघायला लागले. भाऊजींनी बाह्या वर सारल्या.